मंत्रिमहोदय, फलक आला, साकव कुठे आहे?

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

मी चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. हे पत्र मी तोंडी सांगते आहे आणि मुलगी टाईप करते आहे, कारण माझं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं आहे. गावाचं, नाल्याचं आणि आम्हाला शब्द देणाऱ्या साहेबांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की चौकशी लागते, आणि चौकशीत घरी बसतो तो हंगामी मजूर.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे बैठक झाली. सातपुड्याच्या पायथ्याची ती पायवाट जिथे नाला ओलांडते तिथे साकव बांधू, निसरड्या उतारावर दगडी पायऱ्या बसवू, पाण्याची पातळी दाखवणारा खांब रोवू, असं सगळ्यांसमोर सांगण्यात आलं. इतिवृत्तात ते लिहिलेलं आहे, खाली सह्या आहेत. नारळ फुटला, फोटो निघाले. यंदाचा अर्धा पावसाळा सरला तरी तिथे एक दगडसुद्धा आलेला नाही.

मध्यंतरी एका रविवारी आम्ही बायका सकाळीच त्या वाटेने वर गेलो. परतताना खाली लख्ख ऊन होतं, पण वरच्या डोंगरात सर येऊन गेली होती. सातपुड्याच्या उतारावर मातीचा थर पातळ आणि त्याखाली काळा बसाल्ट. पाणी मुरत नाही, सरळ नाल्यात उतरतं, आणि जाताना घोट्याएवढा असलेला प्रवाह येताना मांडीला लागतो. दुसरी वाट नाही. शेवाळलेल्या खडकावरून माझा पाय सुटला, पूर्ण भार हातावर आला आणि मनगटाचा आवाज मी स्वतः ऐकला.

मोबाईलला रेंज नव्हती. गुरं चारणारी पावरा आदिवासी मुलं धावत आली. त्यांनी काठीला चादर बांधून झोळी केली आणि मला डांबरी रस्त्यापर्यंत खांद्यावर आणलं. १०८ ला फोन लागला तो तिथून. पहिल्या दवाखान्यात एक्स-रे नव्हता. पुढच्या गावापर्यंतच्या रस्त्यावर इतके खड्डे, की प्रत्येक धक्क्याला डोळ्यांपुढे अंधारी यायची. आता हातात प्लेट आहे. खडू धरता येत नाही, भाकरी थापता येत नाही, स्वतःची वेणी घालता येत नाही. रात्री कूस बदलली की जाग येते. दहावीच्या वर्गाचा नकाशावाचनाचा धडा माझ्याशिवाय चालू आहे, त्याचं दुःख निराळंच.

तरीही मी पत्र लिहिलं नसतं. लिहायला लावलं ते नंतरच्या गोष्टीने. मी पडल्यावर आठवड्याच्या आत त्या वाटेच्या तोंडाशी लोखंडी फलक उभा राहिला: 'प्रवेश बंद. उल्लंघन केल्यास कारवाई.' खड्डे खणले गेले, सिमेंट आलं, रंगारी आला. म्हणजे माणसं होती, पैसाही होता. वर्षभर नव्हती ती फक्त इच्छा!

साहेब, राज्यभर दर पावसाळ्यात हेच होतं. कुठेतरी कुणी बुडतं आणि धबधब्यांवर जमावबंदी येते. पूर्वी ती १४४ कलमाखाली यायची, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ खाली येते. कलम बदललं, विचार बदलला नाही. बंदीने वाट सुरक्षित होत नाही. ती वाट गावकऱ्यांची रोजची आहे. पलीकडच्या पाड्यावरची मुलं त्याच नाल्यातून शाळेत येतात. त्यांनी कोणता फलक वाचून घरी बसायचं?

आणि पैसा जातो कुठे? कमानीला, पेव्हर ब्लॉकला, सेल्फी पॉइंटला. जिथे गाडी पोचते तिथेच विकास पोचतो. गाडी थांबते तिथून पुढे चालणाऱ्याचा विचार कुणी करत नाही. खान्देश म्हटलं की बाहेरच्यांना ऊन आणि केळी दिसते. पाटणादेवीहून केदारकुंडाकडे आणि वर पितळखोऱ्याकडे जाणारी वाट, आडगावजवळची मनुदेवी, पालजवळची सुकी नदी, साक्रीकडची अलालदरी, तोरणमाळचा सीताखाईचा कडा हे आमचंच धन आहे. यावल अभयारण्य १९६९ चं, सुमारे १७७ चौरस किलोमीटरचं. गौताळा १९८६ चं, २६० चौरस किलोमीटरचं. एवढ्या जंगलात नीट आखलेल्या, दगड बसवलेल्या, पाण्याचा निचरा केलेल्या पायवाटा किती, हे एकदा स्वतः चालून मोजा.

हा फक्त सहलीला जाणाऱ्यांचा हट्ट नाही. सातपुड्यातून उतरणारे नाले पायथ्याच्या गोटे-वाळूच्या पट्ट्यात जिरतात आणि तेच पाणी रावेर, यावल, चोपड्याच्या केळीच्या विहिरींना मिळतं. वरची अंजन, सालई, धावड्याची झाडं तुटली की खालची विहीर आटते. माणूस नाल्याकाठाने चालला की त्याला हे डोळ्यांनी दिसतं, कुऱ्हाडीचे ताजे घावही दिसतात. लोकांना जंगलाबाहेर ठेवलं की पाहणारा उरत नाही, तोडणारा उरतो. १९८८ च्या वननीतीने एकतृतीयांश भूमी वनाखाली हवी म्हटलं. आपलं राज्य सोळा-सतरा टक्क्यांवर अडकलं आहे. २०२१ च्या ऑगस्टअखेर कन्नड घाटात दरडी कोसळल्या, तितूर आणि डोंगरीचा पूर चाळीसगावात शिरला. तेव्हाही पाहणी दौरे झाले. काय बदललं?

आदिवासी भागातल्या ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, वनहक्क कायदा २००६ चा. आमच्या तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे, पण हा फलक लावताना ग्रामसभेला कुणी विचारलं नाही. मला उचलून आणणारी ती मुलं दिवाळीनंतर गुजरातेत मजुरीला जातील. नाल्याचा स्वभाव त्यांच्याइतका कुणाला कळतो? त्यांना वाटाड्याचं प्रशिक्षण द्या, पावसाळाभर मानधन द्या, दोर आणि प्रथमोपचाराची पेटी द्या. कमानीच्या खर्चात हे किती वर्षं चालेल, ते तुमच्या लेखाधिकाऱ्यांना विचारा.

माझं म्हणणं एवढंच की फलक काढा आणि साकव बांधा. इतिवृत्ताची प्रत, अंदाजपत्रक आणि झालेला खर्च मी माहितीच्या अधिकारात मागितला आहे. अर्ज डाव्या हाताच्या सहीने दिला, टेबलावरच्या बाबूने सही जुळत नाही म्हणून तो आधी परत केला, मग अंगठा घेऊन स्वीकारला. कायद्याने उत्तराला तीस दिवस आहेत. उत्तरात साकवाच्या कामाची तारीख लिहून आलेली मला हवी आहे.

आपली,
चोपडा तालुक्यातील एक शिक्षिका