इलिएस्कू गेला रे

प्रिय विन्या,

तब्येत बरी, बीपीची गोळी चालू, आईचा गुडघा आहे तसाच. रोमानियाचा माजी राष्ट्राध्यक्ष इऑन इलिएस्कू गेला, ५ ऑगस्ट २०२५ ला, ९५ वर्षांचा होऊन. घरात सांगितलं तर सगळे म्हणाले कोण? मग तुझ्याशिवाय कुणाला लिहू.

तू १९८९ च्या त्या डिसेंबरपासून त्याचा वकील. तिथला कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कू, त्याने इलिएस्कूला १९७१ मध्येच बाजूला सारलं होतं, शेवटी तांत्रिक पुस्तकांच्या प्रकाशन संस्थेत बसवला होता, २२ डिसेंबर १९८९ ला हुकूमशहा हेलिकॉप्टरने पळाला तेव्हा देश हातात घ्यायला दुसरं होतंच कोण, हे तुझं भाषण मला पाठ आहे. मेसमधला बंड्या तर तुला 'कॉम्रेड' म्हणूनच चहा द्यायचा!

पण विन्या, त्या क्रांतीत हजारावर माणसं मेली आणि त्यातली बहुतेक २२ तारखेनंतर मेली, म्हणजे चाउशेस्कू पळाल्यावर, इलिएस्कू टीव्हीवरून बोलत असताना. गोळ्या नेमक्या कुणाच्या हुकमावरून सुटत होत्या? मला तेच सारखं खातंय. त्याच्यावर मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचे आरोप ठेवले, त्याने ते नाकारले, खटला कोर्टात गेला, परत फिरला, पुन्हा गेला, आणि आता आरोपीच नाही. ज्यांची पोरं गेली ते आईबाप आता ऐंशी-नव्वदीचे असतील, त्यांनी कुणाकडे बघायचं?

आणि जून १९९०. मे महिन्यात ८५ टक्के मतं घेऊन निवडून आलेल्या माणसाला बुखारेस्टच्या विद्यापीठ चौकात त्याच्याविरुद्ध ठाण मांडून बसलेल्या पोरांची एवढी काय भीती होती? त्यांना तो 'गोलान' म्हणाला, टपोरी, तर पोरांनी तेच बिरूद म्हणून मिरवलं. मग जिउ खोऱ्यातले खाणकामगार रेल्वेने बुखारेस्टला आले, विद्यापीठात घुसून मुलांना बडवलं, विरोधी पक्षांची ऑफिसं फोडली, त्या दिवसांत चार जण गोळ्यांनी मेले आणि शेकड्यांनी जखमी झाले. आणि याने काय केलं, तर कामगारांचे जाहीर आभार मानले! तपास नीट केला नाही म्हणून स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१४ मध्ये रोमानियाला दोषी धरलं. आता तरी सांग, आभार कशाबद्दल होते? या मुद्द्यावर तू दरवेळी विषय बदलायचास.

तुझं एक मात्र मी मान्य करतो आणि मनापासून करतो. १९९६ ला कॉन्स्तान्तिनेस्कूकडून हरला आणि गुपचूप खुर्ची सोडली. तिथे हे सोपं नव्हतं. २००० साली समोर कट्टर राष्ट्रवादी वादिम तुदोर उभा असताना इलिएस्कूला मतं द्यायला नको म्हणणारे पण रांगेत उभे राहिले, मीही दिलं असतं. २००४ मध्ये देश नाटोत गेला तोही त्याच्याच काळात. सगळं खरं. पण जाता जाता, त्याच वर्षी डिसेंबरात, मिरोन कोझ्माला माफी! खाणकामगारांचा पुढारी, १९९१ ला सरकार पाडल्याबद्दल १८ वर्षांची शिक्षा भोगत होता. एवढी बोंब झाली की दोन दिवसांत माफी मागे घ्यावी लागली. याच्यावर काय बोलशील?

सरकारने ७ ऑगस्टला राष्ट्रीय दुखवटा पाळला. मला ते सहन होत नाहीये. विन्या, खटला पूर्ण व्हायला हवा होता, निर्दोष सुटला असता तरी चाललं असतं, मी तुला फोन करून हरलो म्हणालो असतो, पण निकाल लागायला हवा होता. बाप्पासर असते तर तुझीच बाजू घेतली असती आणि आपण तिघं पहाटेपर्यंत भांडलो असतो.

बाकी, तुझ्या नव्या घराचं काम कुठवर आलं? पिंकीची ॲडमिशन झाली असेल, अभिनंदन सांग. वहिनींना नमस्कार. कोझ्माचं उत्तर मात्र लांबलचक लिही, नुसता अंगठा पाठवलास तर बोलणार नाही.

तुझाच,
सुध्या