मुकी पेटी आणि कलम ५२

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला वकीलसाहेबांचा लेख वाचला. शिकवण्यासाठी गाणं वापरलं तर शिक्षकाला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ची सूट आहे, तेव्हा संगीतशिक्षकांनी बिनघोर ऑनलाइन यावं, असा त्यांचा सल्ला. आभारी आहे. मी दीड वर्षापूर्वीच आलो, आणि सध्या माझी पेटी मुकी आहे.

माझ्याकडे सात पोरी पेटी शिकतात. घरात मोबाईल एक, तो बापाजवळ, आणि बाप दिवसभर वावरात. म्हणून शिकवलेलं मी व्हिडिओ करून नेटवर ठेवतो. रात्री मोबाईल घरी आला, की पोरी मारुतीच्या पारावर, जिथे रेंज सापडते तिथे, बसून रियाज करतात. मागच्या महिन्यात तुकोबांचा एक अभंग भूप रागात बसवून टाकला. चाल माझ्या वडिलांच्या काकड्यातली, त्यांना त्यांच्या वडिलांकडून आलेली. चौथ्या दिवशी एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, तुमचे बोटं चालून राह्यले, पन पेटीचा आवाजच नाई."

पुतण्याने नेटवरून आलेला इंग्रजी निरोप वाचून दाखवला. माझ्या व्हिडिओत दुसऱ्याच्या मालकीची चीज सापडली म्हणे! आमच्या धंद्यात बंदिशीलाही चीज म्हणतात, त्यामुळे क्षणभर मला वाटलं, यंत्राला गाण्यातलं कळतं. कळत नाही. कुण्या एका कंपनीने तोच अभंग कधीतरी कुणाकडून गाऊन घेतला आहे. सूर सारखे वाटले आणि यंत्राने माझा आवाज बंद केला. तिथे माणूस कुणी नाहीच. तुकोबांना जाऊन साडेतीनशे वर्षं उलटली. त्यांच्या शब्दांवर कुणाचा हक्क नाही, वडिलांच्या चालीवर तर कंपनीचा नाहीच नाही. त्यांचा हक्क त्यांच्या रेकॉर्डिंगपुरता, आणि ते मी वाजवलेलं नाही. मी माझी पेटी वाजवली.

तक्रार केली. तिच्यावर निर्णय कोण देणार, तर दावा करणारी कंपनीच. मुदत ३० दिवस. आज बाविसावा. त्यांनी नकार दिला आणि मी हट्ट धरला तर ठपका बसू शकतो, असे तीन ठपके बसले की सगळे व्हिडिओ गेले. पुतण्या म्हणतो, काका, राहू द्या. पोरींची संगीताची प्रवेशिका परीक्षा तोंडावर आहे. मी काय राहू द्यायचं ते वकीलसाहेबांनी सांगावं. कलम ५२ मला पाठ आहे हो, पण ते त्या यंत्राला वाचून कोण दाखवणार?

गंमत म्हणजे याच कलमात लग्नाच्या वरातीलाही सूट आहे. डीजेवाला रात्रभर वाटेल ते वाजवतो, खिडक्या थरथरतात, त्याला कुणी विचारत नाही.

आणि लेखात अर्धंच सांगितलं आहे. शाळेच्या कार्यक्रमाची सूट श्रोते शाळेचेच, म्हणजे शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळी, असतील तेवढीच. गॅदरिंगला पोरांनी खंजिरीवर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं भजन म्हटलं, ते ठीक. तेच हेडसरांनी नेटवर चढवलं की श्रोते साऱ्या जगाचे. महाराज १९६८ साली गेले. कवीनंतर ६० वर्षं हा कायद्याचा हिशोब, म्हणजे २०२८ अखेरपर्यंत त्यांची भजनं हक्कात. महाराजांच्या आश्रमाची मोझरी आमच्या तालुक्यात, इथे लेकरू पाळण्यात ही भजनं ऐकतं, आणि हेडसर आता मला विचारतात, गुरुजी, टाकू का नको? मी काय सांगू? पंडित भातखंड्यांची स्वरलिपी, म्हणजे सूर लिहून ठेवायची पद्धत, बिनधास्त वापरा, ते १९३६ साली गेले, तेवढं मात्र सांगितलं.

कवीला, संगीतकाराला त्याचं मोल मिळावं, याविरुद्ध मी नाही. गाणाऱ्याचं पोट मला माहीत आहे. पण दावा खोटा निघाला तर कंपनीला काय होतं, हे लेखात शोधलं. सापडलं नाही. वकीलसाहेबांनी पुढच्या रविवारी तेवढंच लिहावं, सल्ला नको.

आपला,
एक पेटीमास्तर
ता. तिवसा, जि. अमरावती

ता. क. : मागच्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर आमच्या गावची बातमी 'खंजीर भजन स्पर्धा' अशा मथळ्याने आली. खंजिरी, साहेब, खंजिरी! आमच्या मंडळातल्या सत्तरीच्या म्हाताऱ्यांना एसटीत लोक विचारत होते, "भजनाले जाऊन राह्यले का भांडाले?" दुरुस्ती अजून छापून आलेली नाही.