काका, त्या कणीएवढ्या तुकड्याबद्दल

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

माझ्या जुन्या गाडीच्या इंजिनासाठी समोर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितो आहे. शिवाय आपल्या माणसांपैकी ज्यांनी इथे इंग्लंडमध्ये हौसेने जुनी गाडी घेतली आहे, त्यांच्याही ते उपयोगी पडेल.

माझी एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९७० ची. ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झालेली, १७९८ सीसीचं इंजिन, एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर. इंजिन उघडायचं ठरलं तेव्हा माझ्या डोक्यात मोठा बोअर (सिलिंडरचा व्यास), शर्यतीचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) असं बरंच काही होतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "गाडी पळवायचीय, का चालवायचीय?" मग बोअर फक्त २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवला, म्हणजे १८२२ सीसी. पैसे मात्र एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडक सीटांवर (व्हॉल्व्ह मिटताना जिथे टेकतो त्या कड्यांवर) खर्च करायला लावलेत, कारण शिशाचं पेट्रोल गेल्यापासून जुन्या सीटा झिजतात. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर खातं, म्हणून पेट्रोलचे सगळे पाइपही बदलायला लावलेत. त्याच इथेनॉलमुळे हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, तेव्हा एक्झॉस्टमध्ये ते मिश्रण मोजणारा लॅम्डा सेन्सर बसवून कार्बोरेटरच्या, पेट्रोल किती जायचं ते ठरवणाऱ्या सुया आपण पुन्हा निवडल्या. तो सबंध रविवार तुम्ही माझ्यासाठी दिलात.

पहिल्यांदा इंजिन सुरू केलं तो दिवस आठवतो. आधी प्लग काढून स्टार्टर फिरवला, ऑइल प्रेशरची सुई उचलेपर्यंत. मग २० मिनिटं २००० आरपीएमच्या खाली येऊ द्यायचं नाही, नवा कॅमशाफ्ट आयडलिंगवर खराब होतो. मी आवाज ऐकत होतो, तुम्ही मात्र रॉकर कव्हरवर हात ठेवून सुईकडे बघत होता. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, लावायची बेरजेची युक्तीही तुमचीच: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिल्याची फट बघायची, सातवा दाबलेला असताना दुसऱ्याची, बेरीज नेहमी नऊ. गार इंजिनवर १५ थाऊ. हेडचे नट ठरलेल्या जोराने पुन्हा आवळून मी ती अशीच लावली, एकदाही चुकलो नाही.

पण खरे आभार त्या वहीचे. गाडीच्या मूळ मीटरात ऑइलचं प्रेशर आणि पाण्याचं तापमान दिसतं. तुम्ही सम्पमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) ऑइलच्या तापमानाचा सेन्सरही बसवायला लावलात, कारण ऑइल किती तापलंय ते कळल्याशिवाय प्रेशरचा आकडा अर्धाच. आणि वहीत स्वतः रकाने आखून दिलेत: मैल, आरपीएम, ऑइल, पाणी, प्रेशर. मला वाटलं होतं, हा जुन्या माणसाचा नेम आहे.

तीनशे मैलांनंतर एका संध्याकाळी प्रेशर पडलं. ३००० आरपीएमला ६० पीएसआय असायचं ते ३५, आयडलिंगला जेमतेम ८. ज्यांनी मशीनिंग केलं होतं त्यांनी फोनवरच सांगितलं, बेअरिंगं गेली, इंजिन उतरवा. मी रात्रभर जागा होतो. सकाळी तुम्ही आलात आणि म्हणालात, "उतरवायचं नंतर बघू. आधी वही आण."

वहीत दिसलं ते असं: ऑइल रोजच्यासारखंच ९० अंशांवर आणि प्रेशर हळूहळू नाही, एकाच दिवसात पडलेलं. दुसरा मीटर लावून आकडा खरा असल्याची खात्री केलीत. फिल्टर कापून त्याच्या घड्या वर्तमानपत्रावर पसरल्यात, बॅटरीचा उजेड धरून बघितलंत. बेअरिंगच्या झिजलेल्या धातूची चमक कुठेच नव्हती, इंजिन ठोकतही नव्हतं. मग ब्लॉकच्या मागच्या बाजूचा तो घुमटासारखा नट खोललात. जादा प्रेशर सोडून देणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग बाहेर आली आणि व्हॉल्व्हच्या बसण्याच्या जागी अडकलेला, तांदळाच्या कणीएवढा धातूचा तुकडा. ब्लॉक धुताना ऑइलच्या वाटेत राहून गेलेला. त्याने व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नव्हता आणि ऑइल परत सम्पमध्ये जात होतं. तो तुकडा तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलात. ऑइल आणि फिल्टर बदलला, गाडी तापवली, सुई ६० वर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरिंग मशीनवर उभं राहून तुम्ही जे शिकलात, ते त्या सकाळी माझ्या गॅरेजमध्ये उपयोगी पडलं.

त्यानंतर दोन हजार मैल झाले. गेल्या रविवारी ॲबिंग्डनला जाऊन आलो: ऑइल ८८, पाणी ८२, प्रेशर ६२. तुकडा एका काचेच्या डबीत आहे. वही संपत आली, नवी आणून ठेवली आहे. मे महिन्यात माझ्याबरोबर ॲबिंग्डनला याल तेव्हा रकाने तुम्हीच आखायचे, आणि परत येताना गाडी तुम्ही चालवायची. काकूंना नमस्कार सांगा.

आपला,
तुमचा शेजारी