केनियामार्गे लग्नाला

तीर्थरूप आई व बाबा यांस,

साष्टांग नमस्कार. तुमचे पत्र पोहोचले. माझी प्रकृती उत्तम आहे, नोकरी व्यवस्थित चालू आहे आणि इथल्या, ब्रिटनच्या थंडीचे तुम्हाला ठाऊकच आहे. हे पत्र केवळ केनियाच्या प्रवासाविषयी आहे. आईच्या प्रश्नांना फोनवर तुकड्यातुकड्यांनी उत्तरे देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहिलेले बरे, म्हणजे आत्या किंवा मामा विचारतील तेव्हा त्यांनाही हेच वाचून दाखवता येईल.

धाकट्याचे लग्न तोंडावर आलेले असताना आफ्रिकेत कशाला जायचे, हा आईचा पहिला प्रश्न. जिच्या घरी मी जाणार आहे, त्या मैत्रिणीने इथल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात मला सख्ख्या बहिणीसारखे सांभाळले, हे तुम्ही जाणता. तिचे माहेर किसुमूला, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी आहे आणि तिच्या आईने मला आग्रहाने बोलावले आहे. रजा एकदाच मिळते. नैरोबीहून मुंबईला सरळ विमान आहे, त्यामुळे आधी किसुमू, मग थोडे दिवस मोंबासा आणि तिथून नैरोबीमार्गे घरी, असा क्रम मी ठरवला आहे. केनियात मार्च ते मे मोठा पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर लहान पाऊस असतो. लग्न माघात असल्याने माझा प्रवास या दोहोंच्या मधल्या कोरड्या काळात पडतो. सरोवराकाठी मात्र हिवताप बाराही महिने असतो, म्हणून कोरडा काळ आहे एवढ्यावर मी विसंबलेली नाही.

इथली एक पद्धत तुम्हाला नीट समजावून सांगते, कारण फोनवर ती ऐकून आई घाबरली होती. इथे धडधाकट माणूस प्रवासाला निघण्यापूर्वी कित्येक आठवडे आधी वेळ ठरवून ट्रॅव्हल क्लिनिकमध्ये जातो. तिथली परिचारिका समोर नकाशा ठेवते आणि तुम्ही कोणत्या गावी जाणार एवढ्यावर न थांबता प्रत्येक रात्री कुठे झोपणार, खिडक्यांना जाळी आहे का, संध्याकाळी उघड्यावर जेवणार का, अंगावर पूर्ण बाह्यांचे कपडे असतील का, असे एकेक विचारत जाते. मग ती विचारते की तुम्हाला कधी नैराश्य आले होते का, झोप लागत नाही असे होते का. हे ऐकून आईला वाटले की माझ्या मनाचे काही बिनसले आहे आणि मी ते तुमच्यापासून लपवते आहे. तसे काहीही नाही. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांपैकी मेफ्लोक्विन ही आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी नैराश्याचा त्रास झालेल्यांना देत नाहीत, म्हणून हा प्रश्न सर्वांनाच विचारतात. उन्हात किती वेळ राहणार ही चौकशीही अशाच कारणाने होते, कारण डॉक्सिसायक्लिन या दुसऱ्या प्रतिबंधक गोळीने काहींची त्वचा उन्हात लवकर भाजते. शेवटी ती विचारते की तुम्ही नातेवाइकांकडे चालला आहात का. ब्रिटनमध्ये बाहेरून हिवताप घेऊन येणाऱ्यांत आपल्या मूळ देशी आप्तांना भेटायला गेलेल्यांचेच प्रमाण सर्वांत मोठे आहे. हा आजार आपला ओळखीचा आहे, आपल्याला काही होणार नाही, अशा समजुतीने ती माणसे गोळ्या घेत नाहीत. माझी मैत्रीण स्वतःच्या माहेरी जातानाही त्या घेते.

आई, तुझेही म्हणणे तेच होते, की लहानपणी मला हिवताप होऊन गेला आहे, आता काय होणार. पण तेव्हाच्या तापाने शरीरात थोडीफार प्रतिकारशक्ती आली असलीच, तरी इतक्या वर्षांनी ती उरलेली नाही. शिवाय आपल्याकडे व्हायवॅक्स जातीचा हिवताप पुष्कळ आढळतो आणि केनियात बहुतेक सगळा फाल्सिपेरम जातीचा असतो. उपचाराला उशीर झाला तर हा दुसरा प्रकार एक-दोन दिवसांत मेंदू आणि मूत्रपिंडांपर्यंत पोहोचू शकतो, म्हणून इतकी सावधगिरी. मामांनी सुचवलेला गुळवेलीचा काढा मी आदराने घेईन, पण गोळ्यांच्या जागी नाही. काढा, लसूण किंवा होमिओपॅथीच्या गोळ्यांनी हिवताप टळतो याला आधार नाही, हे त्यांना माझ्या वतीने सौम्यपणे सांगा.

मी ॲटोव्हाक्वोन आणि प्रोग्वानिल यांची एकत्रित गोळी निवडली आहे. ती हिवतापाच्या प्रदेशात पोहोचण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायची, रोज ठरावीक वेळी जेवणाबरोबर घ्यायची आणि तो प्रदेश सोडल्यावरही ७ दिवस चालू ठेवायची असते. हे शेवटचे दिवस आपल्या घरी, पाहुण्यांच्या गर्दीत येतील. तेव्हा आई, तू रोज रात्री मला गोळीची आठवण कर.

मुक्कामाचे तर मी फारच बारकाईने पाहिले आहे. नैरोबी उंचावर असल्याने तिथे धोका कमी आहे. किसुमूला मैत्रिणीच्या घरी खिडक्यांना जाळ्या आहेत आणि प्रत्येक पलंगावर कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी आहे. मोंबाशाच्या बाजूला समुद्रकाठी राहण्याच्या जागा सुंदर आहेत, परंतु त्यांतल्या पुष्कळशा झावळ्यांनी शाकारलेल्या असतात आणि भिंत व छप्पर यांच्यामध्ये वाऱ्यासाठी फट ठेवलेली असते. हिवतापाचा ॲनोफेलिस डास रात्री घरात शिरतो तो बहुतेक याच फटीतून. म्हणून समुद्राच्या अगदी जवळची, छायाचित्रांत मनात भरलेली एक खोली मी सोडून दिली आणि पक्क्या छताची, घट्ट बंद होणाऱ्या खिडक्यांची, वातानुकूलित खोली घेतली. मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचता येते का आणि तिला कुठे भोक तर नाही ना, हेही मी लिहून विचारून घेतले. तरीसुद्धा स्वतःची एक मच्छरदाणी बरोबर नेणार आहे. संध्याकाळपासून सकाळपर्यंत अंग झाकणारे कपडे घालीन आणि उघड्या त्वचेला डीईईटी या डास दूर ठेवणाऱ्या रसायनाचे ५० टक्क्यांचे मलम लावीन. उन्हाचे मलम आधी लावून त्यावर हे लावायचे असते. दिवसा चावणारे डास डेंग्यू पसरवतात, त्यामुळे समुद्रकाठी दिवसाही ते लावणार आहे.

बाबा, तुम्ही शाळेत शिकवताना रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी कसा शोधला ते सांगत असत, ते या तयारीत पुष्कळदा आठवले. तुम्हीही नैरोबीला येतो म्हणालात आणि मी फोनवर घाईने नको म्हटले, त्याचे तुम्हाला वाईट वाटले असणार. कारण सांगायचे राहिले होते. केनिया पीतज्वराच्या (यलो फीवर, डासांमुळे पसरणारा एक गंभीर आजार) देशांत मोडतो. तिथून सहा दिवसांच्या आत भारतात येणाऱ्याकडे पीतज्वराची लस घेतल्याचे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलग ठेवतात. ही लस साठीनंतर पहिल्यांदाच घेतल्यास क्वचित पण गंभीर त्रास होऊ शकतो. केवळ माझ्यासोबत हिंडता यावे म्हणून तुम्ही तो धोका पत्करावा, हे मला पटेना. आपण तिघे मिळून दुसरीकडे जाऊ, जिथे या लशीची गरज नाही. मी लस घेतली आहे. प्रमाणपत्र लशीनंतर १० दिवसांनी लागू होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालते, त्यामुळे विमानतळावर अडकून मला धाकट्याच्या लग्नाला मुकावे लागेल ही भीती मनातून काढून टाका.

एक गोष्ट मात्र मला तुम्हा सर्वांकडून हवी आहे. डास चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण आठवडा तरी जातो, कधी महिनेही जातात. म्हणजे मला ताप यायचाच असेल, तर तो केनियात नव्हे, बहुधा लग्नघरात येईल. तेव्हा जागरणाने आला, दगदगीने आला, असे म्हणून पॅरासिटामॉल देऊन मला झोपवू नका. त्याच दिवशी रक्त तपासून घ्या, केनियाहून आली आहे हे डॉक्टरांना आधी सांगा आणि पहिल्या तपासणीत काही दिसले नाही तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायला लावा. पुढे वर्षभर कधीही ताप आला तर मी इथेही असेच करणार आहे. हळदीच्या दिवशी असे घडले तर समारंभ थांबवू नका, धाकट्याला माझ्याजवळ बसवू नका, आत्याला सोबत पाठवा.

आता पैशांचे. हॉलची उरलेली रक्कम मी कालच बाबांच्या खात्यात पाठवली आहे, त्यामुळे धाकट्याने कर्ज काढू नये. केनियाचा खर्च मी वेगळा साठवला होता, लग्नाच्या पैशांना हात लावलेला नाही. होणाऱ्या सुनेच्या बांगड्यांसाठी आईने जुन्या पाटल्या मोडायच्या ठरवल्याचे कळले. कृपा करून त्या मोडू नका. पुढच्या पगारानंतर मी रक्कम पाठवते, तेवढा धीर धरा.

माझ्या स्थळाबद्दल पत्राच्या शेवटी लिहिलेत, म्हणून मीही शेवटीच लिहिते. धाकट्याचे आधी होते आहे याचे मला मनापासून काहीही वाटत नाही आणि लोक तुम्हाला विचारतात तेव्हा तुम्हाला काय सोसावे लागत असेल, हे मला इथे बसूनही कळते. पुण्याच्या त्या मंडळींना भेटायला मी तयार आहे, फक्त मांडवात सगळ्यांसमोर नको, लग्न उरकल्यावर घरी बोलवा. त्यांना माझ्या केनियाच्या प्रवासाबद्दल आधीच सांगितलेत तर बरे होईल.

हळद कोणत्या दिवशी ठरली ते उलट टपाली, नाहीतर फोनवर तरी कळवा. नैरोबीहून निघण्याचे तिकीट मी अजून पक्के केलेले नाही. हळदीच्या निदान दोन दिवस आधी मला घरी पोहोचायचे आहे.

कळावे.

आपली,
थोरली