पाळणा फुकट, स्वतः येऊन न्यावा

महोदय,
दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून नातवाचा लाकडी पाळणा, चालू मिक्सर आणि वेताची खुर्ची खाली उतरली. भंगारवाल्याने पाळण्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मिक्सरचे ८० रुपये सांगितले, तेही उपकार केल्यासारखे. पूर्वी बोहारीण यायची, पण तिला हवे असायचे जुने कपडे! शेवटी सोसायटीच्या फलकावर चिठ्ठी लावली. संध्याकाळच्या आत मागच्या चाळीतला एक तरुण बाप आला आणि भावाला स्कूटरवर मागे बसवून, त्याच्या मांडीवर पाळणा आडवा ठेवून घेऊन गेला.

अमेरिकेतल्या टूसॉन शहरात २००३ साली ‘फ्रीसायकल’ सुरू झाले ते याच हिशेबाने: वस्तू फुकट द्यायची, घेणाऱ्याने येऊन न्यायची. आपल्याकडे कितीतरी गावांत ‘माणुसकीची भिंत’ आहे. कल्पना छानच, पण तिथे मुख्यतः कपडे येतात, त्यातही फाटके बरेच, आणि भिंतीला कपाट कसे टांगणार?

म्हणून डोंबिवली पूर्वेत आम्ही पाच-सहा जण आपल्या वॉर्डापुरता व्हॉट्सॲप गट सुरू करतो आहोत. फोटो आत्ताचा हवा, काय मोडले आहे ते आधीच सांगायचे, पैशांची भाषा नाही, आणि दोन दिवसांत उचलले नाही तर वस्तू पुढच्याला. औषधे आणि वापरलेल्या गाद्या नकोत. ‘शुभ सकाळ’ही नको! वाचनालये आणि ज्येष्ठ नागरिक संघांनी आपापल्या भागात असे गट जरूर काढावेत.

वेताची खुर्ची अजून आमच्या दारात आहे.

– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)