रात्री ९ वाजता पुन्हा गच्चीवर चढलेल्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. नागपुरातल्या बेसा-पिपळा रोडच्या आतल्या लेआउटमधलं आमचं घर तुमच्या लक्षात असेल. गेटपाशी मोठा कडुनिंब, बाजूला रिकामा प्लॉट. नोव्हेंबरात तुम्ही आमच्याकडे वायरलेस ब्रॉडबँडचा डबा (टॉवरचा ५जी सिग्नल पकडून घरात वायफाय देतो तो) बसवायला आला होता आणि न बसवताच परत गेलात. त्याबद्दलच हे आभाराचं पत्र आहे.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. छोट्या दुकानदारांचे हिशेब ठेवते, त्यांचे जीएसटी रिटर्न भरते. महिन्याच्या ११ आणि २० या तारखा माझ्या डोक्यावर बसलेल्या असतात. सासरे अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे सीताबर्डीला कुठं जागा घेऊन बसणं शक्य नाही. फायबरची वायर आमच्या लेआउटच्या चार खांब अलीकडेच थांबलेली. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पोर्टल उघडायचं, ओटीपी यायचा, आणि तो टाकेपर्यंत पान अडकून पडायचं. ऑक्टोबरात एका गिऱ्हाइकाचं रिटर्न माझ्यामुळे उशिरा गेलं. विलंब शुल्क मी माझ्या खिशातून भरलं, पण त्या माणसासमोर मान वर करवेना.

म्हणून बुकिंग केलं. फोनवरच्या मुलीनं पिनकोड विचारला आणि लगेच म्हणाली, "मॅडम, तुमच्या एरियात सर्व्हिस अव्हेलेबल आहे." मला तरी शंका का यावी? ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात पहिल्यांदा ५जी सुरू झालं, तेव्हाच्या शहरांत नागपूर होतंच. शहरात आलं म्हणजे घरात आलं, असंच मी धरून चालले. पैसे भरले.

मग तुम्ही आलात. डबा खोक्यातून काढायच्या आधी खिशातून फोन काढलात आणि सेटिंगमध्ये जाऊन मला सिग्नलच्या ताकदीचा एक आकडा दाखवलात. उणे ११३. "ताई, ह्या कांड्या पाहू नका, हा आकडा पाहा. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ८५ म्हणजे मस्त. ११०च्या पलीकडे गेला की भरवसा नाही. तीननं घसरला की ताकद निम्मी होते." इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गच्चीवर गेलो तर तिथंही उणे १०८. पिनकोड म्हणजे पोस्टाची हद्द आहे, टॉवरची नाही, हे तुम्ही तिथं उभं राहून समजावलंत. एकाच पिनकोडात एका लेआउटला रेंज भरपूर आणि पुढच्याला काहीच नाही, असं सर्रास असतं म्हणालात. आपल्याकडचं बरंचसं ५जी ३३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात चालतं, त्या लहरी भिंतीत आणि झाडोऱ्यात लवकर मरतात, म्हणून तर डबा घरात न ठेवता गच्चीवर टॉवरकडे तोंड करून लावायचा.

त्यानंतर तुम्ही जे बोललात ते मी शब्द न शब्द सांगू शकते. "ताई, मी डबा लावून जाऊ शकतो. कागदावर काम पूर्ण दिसेल, मला त्याचे पैसेही भेटतील. पण तुमचं काम चालणार नाही."

तुमच्याच कंपनीची गोष्ट होती, भाऊ.

तेवढ्यावरही तुम्ही थांबला नाहीत. तुमच्या फोनमधलं दुसरं सिम दुसऱ्या कंपनीचं होतं, ते चालू केलंत. जिन्याच्या दारात तेही उणे १०९. मी खाली यायला निघाले होते. तुम्ही म्हणालात, "थांबा न ताई, टाकी मधात येते." पाण्याची टाकी ओलांडून चार पावलं पलीकडे, रिकाम्या प्लॉटच्या कठड्याशी गेलात आणि आकडा उणे ९३ झाला. चार पावलांत १६चा फरक, म्हणजे जवळजवळ ४० पट ताकद. त्या जागी तुम्ही विटेच्या तुकड्यानं फुली मारलीत. ती फुली अजून आहे.

दुपारच्या ४ वाजता त्या सिमवर स्पीड १५० एमबीपीएसच्या वर आला. मी खूश. तुम्ही मात्र नाही. एका टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते, खरी परीक्षा रात्री जेवणं झाल्यावर, सगळे व्हिडिओ पाहत बसतात तेव्हा, असं म्हणालात. आणि ड्यूटी संपवून, जेवलात की नाही कुणास ठाऊक, रात्री ९ वाजता परत आलात. थंडी पडायला लागली होती. सासऱ्यांनी आतून विचारलं, "कोण आलं?" तुम्ही जिन्यातूनच "मी आहे बाबा, दुपारचा" म्हणालात. रात्री ४२ आला, अपलोड ७. माझ्या कामाला हे पुरून उरतं.

कडुनिंबाचंही तुम्हीच सांगितलंत. मार्चमध्ये पानगळीत मोजलं असतं तर आकडा चांगला दिसला असता आणि पावसाळ्यात फसगत झाली असती. आता पानं भरलेली असताना मोजलं आहे, काळजी नाही. बाजूच्या प्लॉटवर तीन माळे चढले तर डबा सरकवावा लागेल, हेही आधीच सांगून ठेवलंत. पहिल्या बुकिंगचे पैसे परत मिळायला नेमकं काय लिहायचं, तेही तुम्हीच माझ्या फोनवर टाइप करून दिलंत. पैसे आले, आणि दुसऱ्या कंपनीचा डबा त्या फुलीपाशी बसला.

शेजारच्या लेआउटमधल्या दोघी-तिघींनी विचारलं तेव्हा मी त्यांना तुमच्यासारखंच सांगितलं. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर आपल्या भागातले टॉवर दिसतात, ते आधी पाहा. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमानं आता कंपन्यांना कव्हरेजचा नकाशा वेबसाइटवर द्यावा लागतो, तोही पाहा. पण नकाशा तुमच्या टाकीमागं उभा राहत नाही. म्हणून दोन-तीन कंपन्यांची सिमं मागून आणा, गच्चीच्या चारही कोपऱ्यांत फिरा, आणि पैसे भरण्याआधी रात्री ९ला एकदा मोजा. एकीच्या गच्चीवर मी स्वतः जाऊन मोजून आले. तिथं कुठल्याच कोपऱ्यात जमलं नाही, तर तिला नको म्हणून सांगितलं.

तुमचे त्या दिवसाचे पैसे बुडाले, हे मला माहीत आहे. चहाशिवाय तुम्ही काही घेतलं नाहीत. मनापासून आभार, भाऊ.

या महिन्यात २० तारखेची सगळी रिटर्नं मी १८लाच भरून मोकळी झाले. तुम्हाला सांगायला फोन केला होता, लागला नाही. कुणाच्या तरी गच्चीवर असाल, म्हणून लिहून ठेवलं.

तुमची,
टाकीमागच्या फुलीवाली ताई