सगळ्या अटींचं वजन सारखं नसतं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. इतकी वर्षं नोकरी केल्यावर पुन्हा जीवशास्त्राकडे वळायचं तू ठरवतोयस, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. सोबत पाठवलेली विद्यापीठाची नियमावलीही वाचली. इतके क्रेडिट, अमुक कोर्स, दोन सेमिस्टर शिकवणं, क्वालिफाइंग परीक्षा, कमिटी, थिसिस, डिफेन्स (म्हणजे थिसिसची कमिटीसमोर तोंडी मांडणी). हे सगळं झेपेल का, असं तू विचारलंयस. झेपेल. पण या अटींपैकी काही आपोआप पार पडतात आणि काहींवर पुढची पाच-सहा वर्षं ठरतात. नियमावलीत मात्र सगळ्या एकाच टाइपात छापलेल्या असतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एमएस की पीएचडी ते ठरव. थिसिस नसलेली एमएस म्हणजे मुख्यतः कोर्स आणि शेवटी परीक्षा किंवा छोटा प्रकल्प. अमेरिकी विद्यापीठांत साधारण ३० क्रेडिट, दोनेक वर्षं. शिकवायचं असेल किंवा नोकरीत वर जायचं असेल तर ती उत्तम. तुला मात्र प्रश्न विचारायची खोड आहे, तेव्हा तू थिसिसच्याच वाटेनं जावंस असं मला वाटतं. तिकडे पदवीनंतर थेट पीएचडीला प्रवेश मिळू शकतो. पीएचडीत फी बहुधा माफ असते आणि स्टायपेंडही मिळतो. एमएसचा खर्च बहुतेकांना स्वतःच करावा लागतो. युरोपात बऱ्याच ठिकाणी आधी मास्टर्स लागते, पण पीएचडीचा काळ तीन-चार वर्षांचाच असतो.

कोर्सची काळजी करू नकोस, ते होतात. फक्त संख्याशास्त्राचा कोर्स पहिल्याच वर्षी घे आणि मन लावून कर. स्टुअर्ट हर्लबर्ट या परिसंस्थाशास्त्रज्ञानं १९८४ साली दाखवून दिलं की छापून आलेल्या कितीतरी प्रयोगांत नमुन्यांची मोजदादच चुकलेली होती. एका टाकीत औषध घातलं आणि त्यातले वीस मासे मोजले, तर ते वीस नमुने होत नाहीत. टाकी एक, म्हणून नमुना एक. प्रयोग संपल्यावर हे कळून उपयोग नसतो.

आता रोटेशन. पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये काही आठवडे काम करून गाईड निवडायचा असतो. नियमावलीत याला जेमतेम दोन ओळी आहेत, पण माझ्या मते सगळ्यात मोठा निर्णय हाच. गाईड किती नावाजलेला आहे यापेक्षा, प्रयोग फसला की तो विद्यार्थ्याशी कसं बोलतो ते बघ. थिसिस संपवत आलेल्या मुलांना एकटं गाठून विचार.

आणि कोणत्या जीवावर काम करणार हेही तेव्हाच ठरतं, त्याचा हिशेब कर. ई. कोलाय हा जिवाणू चांगल्या परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. फळमाशीची पिढी २५ अंश सेल्सिअसला दहा दिवसांत तयार होते. अराबिडॉप्सिस या छोट्या रोपट्याला बीपासून बीपर्यंत सहा-आठ आठवडे लागतात. उंदराची पिढी साधारण दहा आठवड्यांची, म्हणजे तीन पिढ्यांचा संकर करायचा तर सात महिने गेलेच. रानात जाऊन काम करायचं असेल तर वर्षातून एकच हंगाम मिळतो, तो हुकला की वर्ष गेलं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांवर प्रयोग करायचे तर आधी नैतिकता समितीची परवानगी लागते. प्राण्यांऐवजी दुसरं काही चालेल का, कमी प्राण्यांत भागेल का, त्यांचा त्रास कमी करता येईल का, हे रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली मांडलेले तीन प्रश्न तुला तिथे विचारले जातील. हे प्रश्न रास्त आहेत, त्यांची उत्तरं मनापासून दे. अर्ज मात्र लवकर कर.

क्वालिफाइंग परीक्षेची तुला धास्ती वाटतेय. ती बहुधा दुसऱ्या वर्षाच्या सुमारास होते. संशोधनाचा प्रस्ताव लिहायचा आणि कमिटीसमोर तोंडी परीक्षा द्यायची. तिथे पाठांतर कामाला येत नाही. 'तुझं म्हणणं खोटं असेल तर ते तुला कशावरून कळेल?' एवढं त्यांना ऐकायचं असतं. कॅल्विन ब्रिजेसचं उदाहरण घे. आनुवंशशास्त्रज्ञ थॉमस मॉर्गनच्या लॅबमध्ये तो फळमाश्यांवर काम करायचा. तिथे पांढऱ्या डोळ्यांच्या मादीचा लाल डोळ्यांच्या नराशी संकर केला, की माद्या लाल डोळ्यांच्या आणि नर पांढऱ्या डोळ्यांचे व्हायचे. क्वचित एखादी मादी पांढऱ्या डोळ्यांची निघे. ब्रिजेसनं त्या अपवादांचाच पिच्छा पुरवला. आईची दोन एक्स गुणसूत्रं वेगळी न होता एकाच अंड्यात गेली असावीत, असं त्याचं म्हणणं. ते खरं असेल तर त्या मादीच्या पेशीत आईकडून आलेली दोन एक्स आणि बापाकडून आलेलं एक वाय दिसायला हवं. सूक्ष्मदर्शकाखाली तसंच दिसलं. गुणसूत्रांवरच जनुकं असतात याचा तो भक्कम पुरावा ठरला. हा त्याचा पीएचडीचा प्रबंध, 'जेनेटिक्स' या नियतकालिकाच्या १९१६ सालच्या पहिल्या अंकात छापलेला. तुझा प्रस्ताव एवढा मोठा नसू दे, पण त्यात असं एक वाक्य हवंच की जे तपासता येईल आणि खोटंही ठरू शकेल.

शिकवण्याच्या अटीनं वेळ जातो, पण त्यातून आपल्याला काय नीट समजलेलं नाही ते कळतं. शोधनिबंधाची अट असेल तर तो छापून आलेला हवा, स्वीकारलेला चालेल की नुसता पाठवलेला पुरेल, हे विभागाकडून लेखी घे. डिफेन्सची चिंता आत्ता नको. गाईड आणि कमिटी दरवर्षी तुझं काम बघत असतील तर शेवटी सहसा अडत नाही.

वयाचं तू लिहिलंयस. फ्रान्सिस क्रिकची पहिली पीएचडी महायुद्धात अर्धवट राहिली. १९५४ साली अखेर त्याला पीएचडी मिळाली तेव्हा तो चाळिशीच्या उंबरठ्यावर होता, आणि त्यानं वॉटसनबरोबर मांडलेली डीएनएची रचना त्याच्या आदल्याच वर्षी जाहीर झाली होती.

आता एक काम कर. ज्यांचं काम तुला खरोखर आवडतं अशा तीन-चार गाईडची नावं काढ, प्रत्येकाचे अलीकडचे दोन निबंध वाच आणि त्यांतला न सुटलेला एकेक प्रश्न तुझ्या शब्दांत लिहून मला पाठव. अर्जाचा मजकूर आपण त्यावरूनच तयार करू. घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझाच,
जुना मित्र